पावणेतीन-अठराचा टायर

मोटरसायकलचा मागचा टायर गुळगुळीत झाला, तर सुरतेत सल्ला मागायला जावं लागत नाही. गाडी पार्किंगमध्ये उभी करायची आणि टायरकडे बघत दोन मिनिटं थांबायचं. माणसं जमतात. ज्यांनी जन्मात कधी चाकाचा नट सैल केला नाही, तेही वाकून टायरला बोट लावतात, आणि बोट लागलं की त्यांना मत होतं. ते मत ते सांगतात माझ्या नवऱ्याला. किल्ली माझ्या हातात, हेल्मेट माझ्या डोक्यावर, आणि मत माझ्या डोक्यावरून पलीकडे.

गाडी शंभर सीसीची, जुनी, तारांच्या चाकांची. नवऱ्यानं बँकेत असताना घेतली होती. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशननंतर दिसायला लागलं, पण समोरची रिक्षा किती लांब आहे याचा अंदाज गेला. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. सगळे म्हणाले, आता बिनगिअरची स्कूटर घ्या, बायकांना तीच बरी. घरात धड चालणारी गाडी असताना मी कशाला घेऊ? सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत आठ दिवस क्लच सोडायला शिकले, नवव्या दिवशी शाळेत गाडीवर गेले. मी मराठी शाळेत गणित शिकवते. पहिल्या दिवशी मुलं गॅलरीत उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा आला. मोठ्या माणसांना कंटाळा यायला मात्र फार वर्षं लागतात.

तर टायर. नक्षी पार गेली होती, मधोमध बोट फिरवलं तर पाटीसारखं लागायचं. मी शाळेतल्या सवयीनं वहीच्या मागच्या पानावर जुन्या टायरवरचा आकडा उतरवून घेतला. ३.००-१८. हाच आणायचा, संपला विषय, असं मला वाटलं.

त्याच रविवारी माझे दीर आले. दीर सुरतेतच गोडादऱ्याला राहतात, लूमच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. नवऱ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, पण बोलणं असं की सात वर्षांनी मोठे. त्यांना येत नाही असं काम अजून निघालेलं नाही. आमच्या घरातला गिझर त्यांनीच बसवला होता, आणि तो काढून पुन्हा बसवायला दुसरा माणूस आला होता, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. दोघं भाऊ भेटले की अहिराणीत बोलतात. मी नाशिकची. तीस वर्षांत मला सगळी अहिराणी समजायला लागली आहे, हे दिरांना अजून समजलेलं नाही, तरी माझ्याशीही ते तीच बोलतात.

"दादा, इतला पतला टायर म्हंजे सायकल शे," ते म्हणाले. "मोठा टाक. रोडले चिकटी ऱ्हास. मायलेज वाढस."

रुंद टायरनं मायलेज वाढतं, हे मी तोपर्यंत कुठं ऐकलं नव्हतं. जास्त रबर रस्त्याला घासलं तर गाडी कमी पेट्रोल पिईल, हे आठवीतल्या मुलानं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी म्हणाले, "भाऊजी, आता जो आहे तोच आकडा घेऊ या."

"वहिनी, तुमले त्यामा काय समजस?" ते हसून म्हणाले. फार प्रेमळपणे म्हणाले. लहान मुलाला विस्तवापासून दूर करतात तसं.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा वर्तमानपत्राची घडी करत होते. त्या घडीला त्यांनी बराच वेळ लावला.

दिरांच्या ओळखीचा एक टायरवाला होता. सुरतेत दिरांच्या ओळखीचा एक तरी माणूस प्रत्येक धंद्यात आहे आणि त्या सगळ्यांनी आम्हाला एकदा तरी रडवलं आहे. दुकान मोठं होतं. बाहेर टायरांचे मनोरे, आत गुळगुळीत फरशी, मागे देवाचा फोटो आणि त्याला एका छोट्या टायरमध्ये बसवलेली दिव्यांची माळ. दुकानदारानं गाडी बघितली, मग नवऱ्याला बघितलं, आणि नवऱ्यालाच म्हणाला, "भाई, आ मोटुं टायर लई लो, गाडी दीपी उठशे."

गाडी शोभून दिसेल म्हणे. मी काय तिचं लग्न लावायला निघाले होते?

त्यानं काढलेल्या टायरवर लिहिलं होतं १००/९०-१८. हा आकडा ज्यानं शोधून काढला त्याला मला एकदा भेटायचं आहे. पहिला आकडा रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, तो उंची नाहीच, रुंदीच्या किती टक्के उंची ते. तिसरा रिमचा व्यास, तो इंचात. एका ओळीत तीन मापं, तीन भाषांत, आणि तिन्ही ठाऊक असल्याच्या थाटात दुकानदार बसलेला. मी विचारलं, "जुन्यावर तीन-अठरा आहे. यात आणि त्यात रुंदीचा फरक किती?"

"बेनने शुं खबर पडे," बाईंना काय कळतंय, असं तो दिरांकडे बघून म्हणाला. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "बेन, अठारा वो भी है, अठारा ये भी है. बस."

दीर म्हणाले, "बस."

तिथं मी ठाम उभी राहिले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण खरं सांगायचं तर तो टायर गाडीला लावून त्यांनी गाडी उन्हात आणली, तेव्हा ती मलाही आवडली. मागून भरलेली, रुबाबदार दिसत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या सरांनी विचारलं, "मॅडम, नवी घेतली?" आणि मी नको इतकी हसले. इतरांची अक्कल काढताना मला हे हसू आठवतं आणि जीभ जरा आखडते. जरा.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की गाडी मोठ्या स्टँडवर नीट उभी राहीना. पूर्वी स्टँड लावला की मागचं चाक बोटभर हवेत असायचं. आता चाक जमिनीला टेकलेलं आणि स्टँड अर्धवट लोंबता. कागदावर हिशेब केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं: नवा टायर जवळजवळ दीड सेंटिमीटरनं जास्त उंच होता. मी तो हिशेब केला नाही. गणिताची बाई! मी दिरांना फोन केला.

"स्टँड जुना व्हई गया," दीर म्हणाले.

मग वळताना गाडी वेगळं वागायला लागली. पूर्वी मी नुसतं मनात आणलं की वळायची. आता आधी ढकलावी लागे, आणि एकदा वळायला लागली की मग एकदम खाली बसल्यासारखी पडे. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगून येतो. हे मला नंतर समजलं. तेव्हा मी समजले की माझं वय झालं.

तिसरी गोष्ट वासाची. नवरा मागे बसले आणि गाडी गतिरोधकावरून गेली की खालून खर्र असा आवाज येई आणि जळक्या रबराचा वास. मी एकटी असताना काही नाही. पुन्हा फोन.

"नवा टायर शे, वास तं येईच."

नवऱ्याला मी म्हणाले, "अहो, जरा वाकून बघा ना मडगार्डच्या आत." ते वाकले, बघितलं, म्हणाले, "दिसत तर काही नाही." एका डोळ्यानं मडगार्डच्या अंधारात काय दिसणार होतं? मी स्वतः वाकायला हवं होतं. साडी नेसलेली होती, शाळेला उशीर होत होता, अशी काहीतरी कारणं मी स्वतःला दिली.

महिनाभरानं बारडोलीला निघालो. माझी धाकटी बहीण तिथं राहते, तिच्या घराची वास्तुशांत होती. तिथला साखर कारखाना सुरू होता, रस्त्यावर उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर. सकाळी साडेनऊचं ऊन. नवरा मागे, आमच्या दोघांच्या मध्ये पिशवी, पिशवीत तिच्यासाठी पितळी समई. दर खड्ड्याला खर्र होत होतं. मी ठरवलं होतं की पोचलो की गाडी गॅरेजमध्ये दाखवायची. माणूस असं नेहमी पोचल्यानंतरचंच ठरवतो.

वाटेतला पूल उतरल्यावर एका खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि फट्‌ असा आवाज झाला. गाडीची मागची बाजू माझ्या हाताबाहेर गेली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, शेपूट हलवावी तशी. मी ब्रेक दाबला नाही, एवढी एक गोष्ट मी बरोबर केली. हँडल धरून ठेवलं, वेग कमी होऊ दिला, आणि जवळजवळ थांबता थांबता आम्ही डाव्या अंगावर पडलो. माझा गुडघा आणि कोपर सोललं. नवरा रस्त्याच्या आतल्या बाजूला पडले, हात टेकून.

मागून उसाचा ट्रक येत होता. ब्रेकचा आवाज ऐकून मी मान वळवली. नवरा उठून बसायचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या मागे ट्रकचा पुढचा भाग मोठा मोठा होत होता. तो थांबला. मी नंतर मोजलं, सात पावलं. ट्रकमधून ड्रायव्हर उतरला. त्यानं नवऱ्याला काखेत धरून कडेला बसवलं, गाडी तशीच आडवी ओढून कडेला घेतली, आणि पाण्याची बाटली दिली. कुणालाही न विचारता आणि कसलाही सल्ला न देता मदत करणारा या सगळ्या गोष्टीतला तो एकटा माणूस.

"मनगट गेलं बहुतेक," नवरा म्हणाले. चेहरा पांढरा झाला होता. मग म्हणाले, "समई बघ."

मी म्हणाले, "समई खड्ड्यात गेली," आणि रस्त्याच्या कडेला बसून रडले.

गाडी आडवी असल्यामुळे मडगार्डच्या आतली बाजू उन्हात आली होती. मागचा दिवा ज्या बोल्टनं बसवलेला असतो, त्या बोल्टचं टोक आत बोटाच्या पेराएवढं बाहेर आलेलं होतं. जन्मापासून तसंच होतं, पूर्वीच्या टायरला ते कधी लागलंच नव्हतं. नव्या टायरवर त्यानं मधोमध एक चर कोरला होता. महिनाभर, दर गतिरोधकाला थोडा थोडा. चर अगदी सरळ होता, पट्टी लावून आखल्यासारखा. आत टायरचे धागे दिसत होते.

बहिणीच्या घरची माणसं आली, बारडोलीतल्या दवाखान्यात नेलं, नवऱ्याच्या उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. वास्तुशांतीचं जेवण आम्ही दवाखान्याच्या बाकावर डब्यातून जेवलो. संध्याकाळी गाडी टेम्पोत घालून सुरतेला घरी आलो तेव्हा दीर आधीच येऊन बसले होते. भावाचं प्लास्टर बघून त्यांचे डोळे भरले, ते मी नाकारत नाही. पण डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "वहिनी, स्पीड जास्ती व्हई तुमनी."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. चहात साखर घातली की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातली. दिरांनी तो पिऊन टाकला.

दोन दिवसांनी, नवऱ्याच्या औषधांची बिलं ठेवायला मी कपाटातली त्यांची जुनी फाईल काढली. ती फाईल म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य आहे, प्लास्टिकच्या कप्प्यांत. त्यात गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक होतं. पानं पिवळी, पण अक्षर ठळक. मागचा टायर: २.७५-१८.

मी दोनदा वाचलं. पावणेतीन. म्हणजे दीर चुकले होते आणि दुकानदार चुकला होता, ते ठीकच. पण मी ज्या आकड्यावर अडून बसणार होते, तो तीन-अठराही गाडीचा मूळ आकडा नव्हता! मागच्या वेळी टायर बदलताना दुकानात पावणेतीन नव्हता आणि तीन होता, आणि मीच म्हणाले होते, "पाव इंचानं काय होतंय?" ते मला त्या क्षणी आठवलं. पाव इंचानं काही झालं नव्हतं हे खरं. पण जुन्या टायरवर आहे म्हणून तोच बरोबर, हे मी ज्या ठसक्यात धरून चालले होते, तो ठसका दिरांच्या ठसक्याचाच सख्खा भाऊ होता.

पुस्तक घेऊन मी नवऱ्यासमोर गेले. "हे बघितलंत?"

त्यांनी बघितलं. "हो. पावणेतीन. मला आठवत होतं."

"आठवत होतं?"

"दुकानात असताना आठवलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "तो इतकं म्हणत होता," ते म्हणाले. "चारचौघांत त्याला कसं सांगायचं?"

तीस वर्षांच्या संसारात मी एवढी चिडले नव्हते. दीर अज्ञानी आहेत, त्यावर हसता येतं. दुकानदाराला गोदाम रिकामं करायचं होतं, तेही समजतं. पण ज्याला खरा आकडा माहीत आहे आणि जो धाकट्या भावाचं तोंड पडू नये म्हणून बायकोला चुकीच्या चाकावर बसवतो आणि स्वतःही मागे बसतो, त्याला काय म्हणावं? मी म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चार दिवस आम्ही एकमेकांशी औषधाच्या वेळेपुरतं बोललो. त्यांचा उजवा हात बंद होता, म्हणून मी त्यांना भात कालवून देत होते, आणि कालवताना ताट जरा जास्तच आपटत होते.

पाचव्या दिवशी तेच म्हणाले, "चल, टायर आणू."

त्याआधी मी सगळं मोजून ठेवलं होतं. शाळेतला कंपास आणि कपड्याचा टेप घेऊन पार्किंगमध्ये चटईवर झोपले. रिमची आतली रुंदी, चाकाच्या दोन्ही बाजूंना किती जागा, मडगार्डपर्यंत किती, बोल्टचं टोक किती. सोसायटीतले दोन काका येऊन उभे राहिले. एकानं सांगितलं की टायर बदलला की स्पीडोमीटर खोटं दाखवतं. मी चटईवरूनच म्हणाले, "काका, या गाडीची स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकाला आहे." काका पुढच्या चाकाकडे गेले, केबल बघितली, आणि तिचाच दोष असल्यासारखी मान हलवून निघून गेले.

आम्ही रिक्षानं गेलो, चाक मांडीवर घेऊन. दुसरं दुकान, त्या पहिल्याची पायरी मी चढणार नव्हते. पण दुकानदार बदलला तरी बोलणं तेच. यानंही आधी प्लास्टर बघितलं, मग प्लास्टरवाल्याला म्हणाला, पावणेतीन आता कोण वापरतं, बंद झाला, भाई, जरा मोठा घ्या.

नवरा म्हणाले, "बेनने पूछो ने. गाडी ए ज चलावे छे."

हिला विचारा, गाडी हीच चालवते. एवढंच. आवाज चढवला नाही. पण तीस वर्षांत मी त्यांना दुकानात असं काही बोलताना ऐकलं नव्हतं. दुकानदार माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच कुणीतरी सल्ला द्यायला माझ्याकडे वळलं होतं, आणि त्याच्याकडे सल्ला उरला नव्हता.

मी बोट केलं. सगळ्यात वरच्या फळीवर, धुळीत, कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेले तीन टायर होते, आणि मी खालून आकडा वाचला होता. पावणेतीन-अठरा, जो बंद झाला होता तो. शिडी आणावी लागली. पहिला टायर बाजूच्या चार आकड्यांवरून पाच वर्षांपूर्वी बनलेला निघाला. त्या आकड्यांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. तो परत ठेवायला लावला. दुसरा सहा महिन्यांचा होता. ट्यूबही त्याच मापाची मागितली, कारण त्यानं हातात घेतलेली ट्यूब मोठ्या टायरची होती आणि तो म्हणत होता, रबर आहे, मावेल. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे का, तेही बघितलं. त्याला मी किती नकोशी झाले होते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मला त्याचं फार बरं वाटत होतं.

चाक गाडीला लागलं, गाडी मोठ्या स्टँडवर चढवली. मागचं चाक हवेत. हातानं फिरवलं तर कुठं न घासता फिरत राहिलं. बोल्टचं टोक मी तरीही करवतीनं कापून घेतलं.

दोन महिन्यांनी, प्लास्टर निघाल्यावर, बहिणीनं सगळ्यांना पुन्हा बारडोलीला जेवायला बोलावलं, कारण पहिलं जेवण आम्हाला मिळालं नव्हतं. दीरही आले होते. जेवणं झाल्यावर माझा मेहुणा गाडीभोवती फिरत म्हणाला, "आता बरोबर दिसतेय. कुणी सुचवला हा टायर?"

दीर पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी तं पयलेथीनच सांगेल व्हतं. कंपनीना आकडा तोच टाकाना."

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी नवरा बोलले. धाकट्या भावाला, चारचौघांत, अहिराणीत नाही तर सगळ्यांना समजेल अशा मराठीत.

"तू शंभर-नव्वदचा सांगितला होतास. आणि मला माहीत होतं तरी मी गप्प बसलो. हिनं शोधला हा."

दिरांचा हात पानावर थांबला. मग ते म्हणाले, "दादा, अठराच सांगेल व्हतं ना मी?" आणि पान तोंडात घातलं. त्या दिवशी त्यांनी पुढं कुठल्याही यंत्राबद्दल मत दिलं नाही. बहिणीच्या घरचा मिक्सर बिघडलेला होता, तरीही.

नवऱ्याचं मनगट आता पूर्ण वळत नाही. शर्टाच्या डाव्या बाहीची बटणं मी लावते. मागे बसले की ते उजव्या हातानं कॅरिअर धरू शकत नाहीत, म्हणून माझा खांदा धरतात. त्या संध्याकाळी परतताना उसाच्या गाड्यांची रांग होती आणि मी तिच्या मागे हळू चालले होते. पूल आला तेव्हा त्यांची पकड एकदम घट्ट झाली. पूल उतरलो तरी ती सैल झाली नाही, पार घरी येईपर्यंत.